अर्ध्या बँडची किंमत

सातवं सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलवरची भाषाच बदलते. केटी, सबमिशन, मेसच्या आमटीतलं पाणी हे नेहमीचे विषय मागे पडतात आणि जो तो एकच प्रश्न विचारत सुटतो, "कितीचा आला?" कशाचा, ते सांगावं लागत नाही. अमेरिकेवाले टोफेलचा आकडा सांगतात, जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलियावाले आयईएलटीएसचा (आपल्याकडे सगळे 'आयेल्ट्स'च म्हणतात). सात किंवा जास्त आला तर टपरीवर सगळ्यांना कटिंग. साडेसहा आला तर "चल, होऊन जाईल रे" अशी पाठीवर थाप. सहा आला तर तो गडी दोन दिवस मेसला उशिरा येतो, सगळे जेवून गेल्यावर.

मित्रांनो, माझी तक्रार या परीक्षांबद्दल नाही. त्या आकड्याला आपण, आणि तिकडची विद्यापीठं, जो मान देतो त्याबद्दल आहे. आपण इंजिनिअरिंगची पोरं. पहिल्या वर्षी व्हर्निअर हातात दिला तेव्हाच सरांनी लीस्ट काउंट विचारला होता. मेट्रोलॉजीच्या व्हायवाला एररशिवाय रीडिंग सांगितलं तर एक्स्टर्नल बाहेर काढतात. आणि तीच आपण मंडळी साडेसहा आणि सात यांच्यामध्ये चीनची भिंत उभी असल्यासारखी वागतो! हा आकडा तयार कसा होतो, हे निम्म्या लोकांनी कधी बघितलेलंच नसतं. म्हणून आधी ते थोडं सांगतो.

आयईएलटीएसला चार भाग असतात: लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग. लिसनिंग आणि रीडिंगला प्रत्येकी ४० प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. या चाळीसपैकी मिळालेल्या गुणांचं ० ते ९ च्या बँडमध्ये रूपांतर होतं. परीक्षा घेणाऱ्यांनीच सरासरी आकडे प्रसिद्ध केले आहेत. अ‍ॅकॅडेमिक रीडिंगमध्ये साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० आले की ७, ३५ आले की ८. 'साधारण' एवढ्यासाठी की प्रत्येक पेपर थोडा सोपा-अवघड असतो आणि त्याप्रमाणे ही हद्द एखाद-दुसऱ्या गुणाने मागे-पुढे होते. हे आपल्याला नवीन नाही. २०१९ पासून एमएचटी-सीईटी वेगवेगळ्या शिफ्टमध्ये कॉम्प्युटरवर व्हायला लागली, तेव्हापासून मार्कांऐवजी पर्सेंटाइल आले ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. फरक एवढाच की पर्सेंटाइल तुम्ही किती जणांच्या पुढे आहात ते सांगतो. बँड तसं सांगत नाही. सगळ्या हॉलला सात मिळाला तरी बिघडत नाही.

आता गणित बघा. ६ ते ७ हे अंतर सात प्रश्नांचं. म्हणजे अर्धा बँड तीन-चार प्रश्नांचा. हद्दीवर असाल तर एकाच प्रश्नाचा! एका प्रश्नात स्पेलिंग चुकलं, बहुवचनाचा शेवटचा 'स' राहिला, की गेला अर्धा बँड.

रायटिंगची गोष्ट वेगळी. तिथे माणूस तपासतो. दोन प्रश्न, एक निदान १५० शब्दांचा आणि दुसरा निदान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. तपासणारा चार गोष्टी वेगवेगळ्या बघतो: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मुद्दे नीट जोडले आहेत का, शब्दसंपत्ती कशी आहे, व्याकरणात विविधता आणि अचूकपणा किती. स्पीकिंगला समोरासमोर ११ ते १४ मिनिटं गप्पा, रेकॉर्डिंग होतं, आणि पुन्हा चार निकष. त्यातला एक उच्चाराचा. पण गोऱ्या साहेबासारखं बोला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ऐकणाऱ्याला समजायला किती त्रास होतो एवढंच बघायचं असतं. आपल्याकडे क्लासवाले पोरांना तोंड वाकडं करून 'वॉटर'चा 'वॉडर' करायला शिकवतात, ते कशासाठी हे देव जाणे.

टोफेलमध्येही चारच भाग. तिथे बोलणं माइकसमोर होतं, रेकॉर्डिंग माणूसही तपासतो आणि सॉफ्टवेअरही. मला ही पद्धत जास्त बरी वाटते, कारण समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून माझी निम्मी वाक्यं घशातच राहतात. असो, तो माझा प्रश्न.

चार भागांचे चार बँड झाले की त्यांची सरासरी काढायची आणि ती जवळच्या अर्ध्या बँडला न्यायची. .२५ आला तर वर .५, .७५ आला तर वरचा पूर्ण आकडा. नियम सरळ आहे, लपवलेला नाही. पण त्याचा परिणाम काय होतो ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

मला लिसनिंगला ७.५, रीडिंगला ७, रायटिंगला ६ आणि स्पीकिंगला ६.५ मिळाले. बेरीज २७, भागिले चार, ६.७५. रिपोर्टवर छापलं ७. माझ्या रूममेटला लिसनिंगला ६.५, रीडिंगला ७, रायटिंगला ६ आणि स्पीकिंगला ७. बेरीज २६.५, भागिले चार, ६.६२५. रिपोर्टवर ६.५. आमच्या बेरजेत फरक अर्ध्याचा, सरासरीत एक अष्टमांशाचा, आणि छापील निकालात पुन्हा अर्ध्याचा! वर गंमत अशी, की कुणाची बेरीज २५ आली असती तरी त्याला ६.५ च मिळाला असता. म्हणजे माझा रूममेट आणि तो २५ वाला यांच्यात बेरजेत दीड बँडचं अंतर असून ते एकाच रांगेत, आणि माझ्यात आणि रूममेटमध्ये अर्ध्याचं अंतर असून आम्ही दोन वेगळ्या जातीचे.

आम्ही दोघांनी ज्या कोर्सला अर्ज करायचं ठरवलं होतं तिथे ओव्हरऑल ७ मागितले होते. मी अर्ज करू शकलो. तो नाही. आता हे कुणीही सांगेल की आमच्या दोघांत इंग्रजी बोलायला तोच बरा. विंगमध्ये केरळचा मुलगा राहायला आला तेव्हा त्याच्याशी तासन्‌तास बोलणारा तो, आणि मी शेजारी बसून मान डोलावणारा. स्पीकिंगचे आकडे तेच सांगतात. पण रिपोर्टचा तो कोपरा वाचायला कुणी तयार नाही.

आता एररकडे येतो. कुठलंही मोजमाप दुसऱ्यांदा घेतलं की थोडं वेगळं येतं. परीक्षेचंही तसंच. आज झोप झाली होती, विषय ओळखीचा निघाला, हेडफोन चांगला मिळाला, तपासणारा थोडा सढळ हाताचा होता. संख्याशास्त्रवाले याला 'स्टँडर्ड एरर ऑफ मेजरमेंट' म्हणतात आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था तो स्वतः मोजून प्रसिद्धही करतात. आयईएलटीएसच्या लिसनिंग-रीडिंगसाठी तो एका बँडच्या तिसऱ्या भागाच्या आसपास, किंवा थोडा जास्तच, येतो. टोफेल घेणाऱ्या ईटीएसने जुन्या ० ते १२० च्या मोजपट्टीसाठी दिलेला आकडा एकूण गुणांत साडेपाचच्या आसपास होता. याचा अर्थ ज्याला ९८ मिळाले त्याची खरी पातळी ९२ पासून १०४ पर्यंत कुठेही असू शकते, आणि तेसुद्धा तीनपैकी दोन वेळा. तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर! आणि अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांची अट काय असायची? बरोबर, १००.

म्हणजे ९८ वाला आणि १०१ वाला यांच्यात फरक आहे असं छातीठोकपणे ती परीक्षा घेणारी संस्थासुद्धा म्हणणार नाही. पण एकाला फॉर्म भरता येतो आणि एकाला येत नाही.

याच टोफेलची मोजपट्टी आजवर कितीदा बदलली ते बघितलं तर मजा वाटते. परीक्षा १९६४ सालची. आपल्या काही सरांनी दिली असेल ती कागदावरची, तिचे गुण ६७७ पर्यंत. मग १९९८ मध्ये कॉम्प्युटरवर आली आणि गुण ० ते ३०० झाले. २००५ मध्ये इंटरनेटवर आली, ० ते १२०. कागदावरचे ६०० म्हणजे कॉम्प्युटरवरचे २५०, म्हणजे इंटरनेटवरचे १००. कागदावरचे ५५० म्हणजे २१३, म्हणजे ७९-८०. आणि २१ जानेवारी २०२६ पासून मोजपट्टी आली १ ते ६ ची, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांची. बदलाच्या काळासाठी, दोन वर्षं, जुन्या १२० पैकी किती होतील तेही रिपोर्टवर द्यायचं ठरलं.

माझ्या मते हा शेवटचा बदल चांगला आहे. एकशेएकवीस पायऱ्यांऐवजी अकरा पायऱ्या. ज्या व्हर्निअरला मिलिमीटरचे शतांश धड दिसत नाहीत त्याच्यावर शतांशाच्या खुणा कोरून काय उपयोग? निदान ९८-९९-१०० चं खूळ तरी जाईल. पण खरं सांगायचं तर रोग नुसता जागा बदलतो. पायऱ्या मोठ्या झाल्या की पायरीच्या काठावर उभ्या असलेल्याला धोका तेवढाच, आणि पडला तर पडतो जास्त खाली. आयईएलटीएसमध्ये अर्ध्या बँडच्या पायऱ्यांवर आमचं काय झालं ते वर सांगितलंच.

याहून वाईट अट म्हणजे 'प्रत्येक भागात किमान'. ओव्हरऑल ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको, अशी वाक्यं तुम्ही ब्रोशरमध्ये वाचली असतील. वाटायला ती रास्त वाटते. नुसतं वाचता येतं पण बोलता येत नाही असा विद्यार्थी नको, हे बरोबरच आहे. पण गणित काय म्हणतं? चार रीडिंगची सरासरी घेतली की रँडम एरर कमी होतो, हे आपण लॅबमध्ये शिकलो. म्हणून ओव्हरऑल आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. एकेका भागाचा आकडा जास्त हलतो. आणि या अटीने नेमक्या त्याच हलणाऱ्या चार आकड्यांवर चार वेगळे फाटक बसवले. समजा एखाद्याची खरी पातळी प्रत्येक भागात हद्दीच्या थोडी वर आहे, आणि त्या दिवशी एकेका भागात पार होण्याची शक्यता ८० टक्के आहे. चारही एकाच दिवशी पार होण्याची शक्यता किती? ०.८ चा चौथा घात. कॅल्क्युलेटर काढा: ०.४१. चार भाग एकमेकांशी संबंधित असतात, म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट होणार नाही, मान्य. तरी लायक असलेल्या पोराला निम्म्याच्या आसपास शक्यतेने घरी पाठवणारं हे गेज आहे. मेकॅनिकलवाल्यांना गो-नो गो गेज माहीत आहे. ते बनवताना गेजचा स्वतःचा टॉलरन्स जॉबच्या टॉलरन्सच्या दहावा हिस्सा ठेवतात. इथे गेजच जॉबएवढं डुगडुगतंय!

आता कुणी म्हणेल, मग ही हद्द ठरवली कुणी? परीक्षा घेणाऱ्यांनी नाही. आयईएलटीएसला पास-नापास नाही, टोफेललाही नाही. किती हवेत ते ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचं. गुण देणारे म्हणतात आम्ही फक्त मोजतो, निर्णय त्यांचा. विद्यापीठं म्हणतात हजारो अर्ज येतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते. दोघांचंही खरं आहे. पण मोजणाऱ्याला एरर माहीत आहे आणि रेघ मारणाऱ्याला तो सांगितला जात नाही. म्हणजे सांगितला जातो, पण कुठल्यातरी तांत्रिक अहवालाच्या चाळिसाव्या पानावर. जो कागद विद्यार्थ्याच्या आणि अ‍ॅडमिशन ऑफिसच्या हातात पडतो त्याच्यावर '६.५' एवढंच छापलेलं असतं. त्याच्यापुढे एक अधिक-उणे छापायला किती शाई लागते?

आकडा कागदावर कसा छापला जातो याला किती किंमत असते, याचं सगळ्यात भयानक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे २०१४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने काही केंद्रांवर इंग्रजीच्या परीक्षेत डमी बसवले जातात हे दाखवलं. परीक्षा होती टोइक, टोफेलवाल्या ईटीएसचीच. फसवणूक झाली होती यात वादच नाही. मग ईटीएसने २०११ ते २०१४ मधल्या ५८ हजारांहून अधिक परीक्षांचे आवाज सॉफ्टवेअरने आणि माणसांकडून तपासले आणि ब्रिटिश गृहखात्याला यादी दिली. त्यात ५८ टक्के निकालांपुढे 'अवैध', ३९ टक्क्यांपुढे 'शंकास्पद'. म्हणजे ९७ टक्के एका झटक्यात गुन्हेगार किंवा संशयित! त्या शेऱ्यांच्या आधारावर हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले, त्यात आपल्या देशातलेही पुष्कळ होते. आपला आवाज आपल्याला ऐकवा, असं म्हणत कितीतरी जण वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. २०१९ मध्ये तिथल्याच नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवालात म्हटलं की फसवणूक मोठी होती, पण निर्दोष माणसंही यात भरडली गेली असण्याची शक्यता आहे आणि त्यांचा शोध घ्यायला गृहखात्याने पुरेसे कष्ट घेतले नाहीत. कारण उघड आहे. तपासणीतही एरर असतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात तो मावत नाही.

अलीकडचं उदाहरण त्या मानाने सौम्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयईएलटीएसवाल्यांनीच जाहीर केलं की ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळातले काही निकाल तांत्रिक बिघाडामुळे चुकीचे दिले गेले होते. लिसनिंग आणि रीडिंगच्या काही घटकांत घोळ होता. ९९ टक्क्यांहून अधिक परीक्षांना धक्का लागलेला नाही असंही त्यांनी सांगितलं. चूक कबूल करून सुधारित निकाल पाठवले हे चांगलंच. पण ज्याचा निकाल दोन वर्षांनी सुधारून आला, त्याने त्या दोन वर्षांत काय केलं असेल? आणि आयईएलटीएस काय, टोफेल काय, निकाल धरायचा असतो तोही दोनच वर्षं.

आता माझा मुख्य मुद्दा. ही मोजपट्टी डुगडुगती आहे, ठीक. पण तिचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. आयईएलटीएसची फी आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. आपल्या मेसची पाच-सहा महिन्यांची बिलं! ज्याच्या घरून "परत दे रे, काय होतंय" असा फोन येतो, तो परत देतो. आणि मोजमापात एरर आहे म्हटल्यावर तीनदा दिली की एकदा तरी आकडा वर जाणारच. इंग्रजी तसूभर सुधारलेलं नसलं तरी जाईल. फासा तीनदा टाकणाऱ्याला सहा पडायची शक्यता एकदा टाकणाऱ्यापेक्षा जास्त, हे काही फोर्थ सेमच्या मॅथ्सशिवाय कळत नाही असं नाही.

त्यात भर म्हणून नियमही तसेच आले. टोफेलने २०१९ पासून 'मायबेस्ट' गुण द्यायला सुरुवात केली, म्हणजे दोन वर्षांतल्या वेगवेगळ्या प्रयत्नांतले एकेका भागाचे सर्वोत्तम गुण उचलून त्यांची बेरीज. आयईएलटीएसने कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्यांसाठी साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देण्याची सोय काढली. सोय म्हणून मी तिचं स्वागतच करतो. माझ्या रूममेटला नुसतं रायटिंग परत देता आलं असतं. पण ती सोयही फुकट नाही, आणि सगळी विद्यापीठं तसा निकाल घेतातच असंही नाही. वरच्या प्रत्येक दारापाशी पैसे मोजणारा बसलेला आहे. निकाल पुन्हा तपासून घ्यायचा असेल तर सहा आठवड्यांत अर्ज करता येतो आणि बँड बदलला तर फी परत मिळते, हा नियम मला आवडतो. पण आधी भरायला पैसे हवेत ना?

रूममेटच्या घरी त्या वर्षी बहिणीच्या बारावीची फी होती. त्याने घरी विषयच काढला नाही. कॅम्पसमधून चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं, ते घेतलं. तो तिथे खूश आहे, उगाच कुणी हळहळू नका. पण "माझं इंग्रजी कमी पडलं" असं तो आजही म्हणतो, आणि ते ऐकून मला संताप येतो. इंग्रजी नव्हतं रे कमी पडलं. एक अष्टमांश कमी पडला, आणि तो अष्टमांश मोजण्याएवढी ती पट्टी बारीक नाही.

क्लासवाल्यांचं आणखी वेगळंच. गेटसमोरच्या फ्लेक्सवर फोटो असतात: 'आधी ६, आमच्याकडे आल्यावर ७!' पहिल्यांदा ज्यांचा आकडा नशिबाने खाली गेला, तेच दुसऱ्यांदा देतात. ज्यांचा नशिबाने वर गेला ते कशाला देतील? म्हणजे दुसऱ्यांदा देणाऱ्यांची सरासरी क्लास न लावताही थोडी वर जाणारच. ते श्रेय क्लासवाला घेतो, आणि वीस हजार रुपयेही. सगळेच क्लास असे नसतात. रायटिंग खरोखर तपासून, चारही निकषांवर वेगवेगळं लिहून देणाऱ्या एका मॅडम आपल्या गावात आहेत आणि त्यांच्याकडे गर्दी नसते, कारण त्या गॅरंटी देत नाहीत.

एवढं सगळं ऐकून माझा एक मित्र म्हणाला, "मग बंदच करा ना या परीक्षा. चार वर्षं इंग्रजीतून इंजिनिअरिंग केलं, कॉलेजचं पत्र पुरे." काही विद्यापीठं तसं पत्र घेतातही. पण मला हे पटत नाही. आपल्या कम्युनिकेशन स्किल्सच्या टर्म वर्कला २५ पैकी किती मिळतात? २१, २२ किंवा २३. सगळ्यांना! जो वर्गात एक वाक्य बोलला नाही त्यालाही. सरांबद्दल राग नाही, साठ-साठ जणांच्या बॅचमध्ये ते तरी काय करणार. पण त्या २२ च्या मानाने आयईएलटीएसचा डुगडुगता ६.५ म्हणजे मायक्रोमीटर आहे. शिवाय दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला एखाद्या प्राध्यापकाने दहा मिनिटं फोनवर बोलून नापास करण्यापेक्षा लिहून ठेवलेल्या निकषांची परीक्षा केव्हाही परवडली. तिथे निदान आडनाव, गाव आणि शाळा बघून गुण देत नाहीत. परीक्षा ठेवा. पण हद्दीच्या अर्धा बँड खाली असलेल्याचा अर्ज न उघडता फेकू नका, त्याचे बाकीचे कागद बघा, हवं तर इंटरव्ह्यू घ्या. एवढं करणारी विद्यापीठं आहेत. अर्ज करताना ती शोधा आणि 'आम्हाला लिहा' असं ज्यांनी म्हटलंय त्यांना खरंच लिहा. आपल्याला लिहायचा कंटाळा आणि संकोच दोन्ही.

तिकडच्या विद्यापीठांना माझा लेख वाचायला मिळणार नाही, पण आपल्या कॉलेजला मिळेल. म्हणून दोन गोष्टी मागतो.

पहिली, विभागाच्या बोर्डावर 'अभिनंदन' म्हणून ओव्हरऑल आकड्यांची उतरती यादी लावतात, ती बंद करा. लावायचीच असेल तर कोण कुठे चाललाय ते लावा. ६.५ वाला ७ वाल्याच्या खाली का, याचं उत्तर बोर्ड लावणाऱ्याकडे नाही, आणि तो बोर्ड फर्स्ट इयरची पोरं वाचतात. त्याऐवजी लँग्वेज लॅबमध्ये टर्म वर्कचा एक तरी निबंध त्या चार निकषांवर तपासून मिळावा. २५ पैकी २२ पेक्षा 'मुद्दे जोडता येत नाहीत' एवढा एक शेरा मला तिसऱ्या वर्षी मिळाला असता तर रायटिंगचा ६ कदाचित हलला असता.

दुसरी मागणी पैशाची आहे. माजी विद्यार्थी संघ दरवर्षी स्नेहसंमेलनाला जेवण देतो, त्याबद्दल आभार. त्यातूनच दहा मुलांच्या दुसऱ्या प्रयत्नाची फी निघू शकेल. फुकट नको, बिनव्याजी द्यावी, नोकरी किंवा स्टायपेंड लागल्यावर परत करू. अट साधी ठेवावी: पहिल्या प्रयत्नात ओव्हरऑल किंवा कुठल्याही एका भागात मागितलेल्या आकड्यापेक्षा अर्धा बँडच कमी असलेला विद्यार्थी, आणि घरचं उत्पन्न शिष्यवृत्तीला धरतात तेवढं. अर्धाच का, तर एररने पुसला जाण्यासारखं अंतर तेवढंच आहे. दोन बँड कमी असतील तर फी नको, अभ्यास हवा. एका सरांनी आणि दोन फायनल इयरच्या मुलांनी मिळून दर सेमिस्टरला अर्ज बघावेत. मी जूनपर्यंत इथेच आहे, पहिल्या वेळचं कारकुनी काम करायला तयार आहे. मंजुरी मिळाली तर नोटीस तेवढी मेसच्या दारावर लावा. ऑफिसबाहेरची कुणी वाचत नाही.